पडवीत बसून गोदाम बंद पाडलं, त्याची गोष्ट

गेली वीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या संगणकांना हुकूम सोडतो, आणि त्यातले निम्मे संगणक मी डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा नाहीत. कामतघरला आमच्या घराच्या माळ्यावर बसायचं, मांडीवर लॅपटॉप, अंगात बनियन, आणि तिकडे वळ-दापोड्याच्या गोदामांत कामं व्हायची. एके काळी माझ्या एका बोटावर पंचवीस गोदामं हलत होती. संपादक म्हणतात, आकडा कमी करा. बरं, सात. पण बोट एकच होतं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावायचा तर असं समजा. लांबच्या गोदामात तुमचा एक मुकादम आहे. त्याला हात हजार, पण स्वतःची अक्कल शून्य. तुम्ही इथून चिठ्ठी पाठवता: अमुक कपाट उघड, तमुक कागद काढ, जुने झालेले फेकून दे. तो तसंच करतो. ‘शेठ, हा कागद लग्नाच्या दाखल्यासारखा दिसतोय, खरंच फेकू का?’ असं विचारत नाही. फेकतो. चिठ्ठी म्हणजे कमांड. मुकादम म्हणजे लांबचा संगणक. बाकी काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि माउसला कायमची सुट्टी. पडद्यावर काही हलत नाही, चित्रं नाहीत, रंग नाहीत. आमची आई पहिल्यांदा बघून म्हणाली, “बिघडलाय का रे?”

एका वेळी चार-पाच मशीन उघडी असतात आणि सगळ्यांच्या खिडक्या सारख्याच काळ्या. ओळखायचं कसं? तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मशीन आपलं नाव सांगतं. म्हणून धंद्याचा पहिला नियम: एंटर मारण्याआधी ओळीतलं नाव वाच. दुसरा नियम नाहीच. पहिला पाळला तर लागत नाही, आणि मोडला तर उपयोगी पडत नाही.

मशीनांना नावं मीच ठेवायचो. ज्या कंपनीचं काम करायचो तिने नंबर दिले होते, पण मी खाडीकाठच्या घरातला. नंबर विसरतो, मासे विसरत नाही. वळच्या एका मोठ्या गोदामात दोन मशीन होती. गेटपास काढणारं, सगळा हिशोब पोटात ठेवणारं मोठं मशीन म्हणजे जिताडा. पॅकिंगच्या टेबलावरचं, प्रिंटर जोडलेलं छोटं, सतत उड्या मारणारं मशीन म्हणजे निवटी. हल्ली सगळं ‘क्लाउड’ नावाच्या कुठल्या तरी आभाळात गेलंय. मशीनांना अठरा आकडी नावं असतात आणि ती कुठल्या देशात आहेत हेही कुणाला माहीत नसतं. मला त्याचं वाईट वाटतं. ज्याचं नाव घेऊन शिवी देता येत नाही, त्याच्यावर जीव कसा लावणार?

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ही मशीनं काम नीट झालं की काहीच बोलत नाहीत. शाबासकी नाही, ‘झालं’ नाही. हुकूम दिला, पुढची ओळ आली, संपलं. काही बिघडलं तर मात्र पानभर बडबड. त्यामुळे आमच्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे यश. पण लांबच्या मशीनशी असलेली तार तुटली तरीही पडदा गप्पच बसतो. तेव्हा ओळीच्या टोकाची ती लुकलुकणारी रेघ नुसती थिजते. यश आणि सत्यानाश दोघांचा चेहरा एकच. नवखा माणूस पाच मिनिटं खुशीत राहतो.

हे गप्प काम गिऱ्हाइकाला पटवणं महाकठीण. कामतघरला रमजानभाई नावाचे लूममालक होते. त्यांच्या कारखान्यातला आवाज असा, की भिंतीवरची पाल बहिरी झाली होती. त्यांचा एक संगणक मी घरून सांभाळायचो. काम झालं की फोन करायचो, “भाई, हो गया.”

“क्या हो गया?” भाई ओरडायचे. “मैं सामने बैठा हूँ. न कोई आया, न कुछ हिला. तू काम करता है या मंतर पढ़ता है?”

तीन महिने हे ऐकल्यावर मी तोडगा काढला. संगणकाला सीडी घालायचा ट्रे असायचा ना, तो लांबून कमांड देऊन उघडता येतो. काम संपलं की मी ट्रे बाहेर काढायचो आणि परत आत घ्यायचो. भाई खूश. “हाँ, अब लगा कोई आया था!” पुढे पुढे ट्रे बाहेर आला की ते मान लववून त्याला सलाम करायचे. ईदच्या दिवशी मी मुद्दाम तीन वेळा ट्रे उघडला, तर भाईंनी त्यावर खजूर ठेवला. मी कामतघरच्या दुसऱ्या टोकाला, मला काय कळणार? ट्रे आत घेतला. खजूर काढायला दोन दिवस आणि एक विणकाम करायची सुई लागली. तरी भाईंची तक्रार नव्हती. उलट सगळ्यांना सांगत, “लड़का खजूर खाके गया.”

असा माझा लौकिक. पण लौकिक कामतघरच्या गल्लीत चालतो, सोयरिकीत चालत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्यासाठी वळचं एक स्थळ आलं. मुलगी विशाखा, शिकलेली, नोकरी करणारी. वडील काशिनाथशेठ, पूर्वी खाडीत रेती काढायचे, आता सहा ट्रकांचे मालक. त्यांनी चौकशीला माणूस पाठवला. आमच्या शेजाऱ्याने मन लावून माहिती दिली: “पोरगा दिवसभर घरीच असतो. बनियनवर.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेठनी निरोप धाडला की बाकी पाहुणे नंतर, आधी पोराला एकट्याला पाठवा. मी बोलून बघतो.

याआधी दोन स्थळं याच बनियनपायी गेली होती. आईने निघताना माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, “जगू, मुलगी खरंच चांगली आहे रे. तिथे जाऊन हवा करू नकोस.” आईला मुलीचा फोटो आवडला होता. मला आईपेक्षा जास्त आवडला होता, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. लॅपटॉप घेऊन गेलो. वकील कागद घेऊन जातो, तसा.

शेठचं घर मुख्य रस्त्याला लागून, पुढे प्रशस्त पडवी. शेठ झोपाळ्यावर. अंगाने एवढे रुंद, की झोपाळा एका बाजूलाच झुलत होता. मला समोर प्लास्टिकची खुर्ची. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाणी आणून दिलं आणि दारात उभ्या राहिल्या.

“काय करतस तू?” शेठ.

“संगणकाचं काम. कंपनीची सगळी मशीनं मी सांभाळतो.”

“कंपनी कुठं हाय?”

“मालक ठाण्याला.”

“मशीनं?”

“इकडे, गोदामांत.”

“आनि तू?”

“कामतघरला. घरी.”

शेठनी काकींकडे पाहिलं. काकींनी पदर तोंडाशी नेला. “म्हंजे मालक एकीकरं, मशीन एकीकरं, आनि तू घरान,” शेठ म्हणाले. “माजा ड्रायव्हर घरान बसला तं ट्रक चालंल का रं?”

“शेठ, तुमची मुलगी कुठे असते कामाला?”

“ह्या इकरं, मोठ्या गोदामान. डिस्पॅचला. तीन वाजता सुटंल ड्युटी.” आणि त्यांनी गोदामाचं नाव सांगितलं.

देवाशपथ सांगतो, माझ्या छातीचा घेर दोन इंचांनी वाढला. तेच गोदाम! जिताडा आणि निवटीचं!

“ते गोदाम?” मी पाय पसरले. “ते तर मीच चालवतो.”

“तू कवा गेलास तिकरं?”

“कधीच नाही. तीच तर मजा आहे.”

लॅपटॉप उघडला. नेटचं डोंगल लावलं, त्याचा निळा दिवा लुकलुकला. जिताडावर शिरलो. “सांगा, तुमच्या गाड्या आत्ता कुठे आहेत?”

“तुला कय करायचं?”

मी एक ओळ टाइप केली. पडद्यावर सहा ओळी आल्या. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, आत शिरल्याची वेळ. मी मोठ्याने वाचल्या. तिसरी गाडी गणपत ड्रायव्हरची, सकाळी नऊ सतराला आत शिरलेली.

झोपाळा थांबला. “गणपत मना सांगतो, आठलाच गेलो.”

“नऊ सतरा.”

“अगं, बगितलंस का?” शेठ आतल्या दिशेने गरजले. “चा आन याला. साखर जास्ती टाक.”

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती. चांगला माणूस इथे थांबतो. पण शेठनी खुर्ची पुढे ओढायला सांगितली, आणि माझ्यातला नट जागा झाला.

“शेठ, खरी करामत पुढे आहे. लोकांना वाटतं, मी इथून उठलो की तिकडे सगळं बंद पडतं. तसं नाही. मी माझं नेट आता तोडून टाकतो. बघा, तरी तुमचं गोदाम चालूच राहील. एक गाडी अडणार नाही.”

नेट बंद करायची कमांड माझ्या बोटांना पाठ होती. तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. मी त्यांच्याकडे बघून हसलो, तसाच हसत हसत टाइप केलं आणि नाटकातल्या राजासारखं एंटर मारलं.

पडदा गप्प.

“तुटलं,” मी म्हणालो. “आणि गोदाम चालू. हे आहे माझं काम.” चहाचा घोट घेतला. फार छान चहा होता. आजतागायत तसा प्यायलो नाही.

दुसरा घोट घेताना माझी नजर डोंगलकडे गेली. निळा दिवा लुकलुकत होता.

नेट बंद केलं, तर हा दिवा का चालू? मी पडद्याकडे पाहिलं. ओळीच्या सुरुवातीला नाव होतं: जिताडा. माझ्या लॅपटॉपची खिडकी मागे दडलेली. मी माझं नेट तोडलंच नव्हतं. मी जिताडाचं नेट तोडलं होतं. मुकादमाला चिठ्ठी पाठवली होती की स्वतःचे कान काप, आणि त्याने एक प्रश्न न विचारता कापले होते. आता तो दुसरी चिठ्ठी ऐकणार कशाने?

तोच शेठचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला. तो गणपतच होता, गेटजवळून. “शेठ, पास न्हाय निगत! मशीन गप झालं! सगळ्या गाड्या हुब्या!”

शेठनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “तुजेच मशीन ना ते?”

“बघतो,” मी म्हणालो. कपाळावरचा घाम चहाचा आहे, असं दाखवायला चहावर फुंकर मारली.

तुम्ही म्हणाल, दहा मिनिटांचा रस्ता, जायचं पळत. पळालो असतो तर शेठना कळलं असतं आणि तिसरं स्थळही गेलं असतं. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच. त्या गोदामात बाहेरच्या माणसाला आत जायला पास लागतो, आणि तो पास जिताडाच काढतो. फोन करावा, तर आत कामाला जाणाऱ्यांचे मोबाइल गेटवर जमा. ऑफिसातला फोन मी कोपऱ्यात जाऊन लावला. तो नुसताच वाजत राहिला. मॅनेजर जेवायला गेले असणार.

मग मला निवटी आठवली. तिचं नेट शाबूत होतं. मी तिच्यावर शिरलो. या वेळी ओळीतलं नाव चार वेळा वाचलं. निवटीला प्रिंटर जोडलेला होता, तो जुना, कर्रकर्र करत सलग कागदावर छापणारा. त्याला मराठी अक्षरं येत नव्हती. मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं आणि सोडलं. पॅकिंगच्या टेबलावर कुणीही हात लावलेला नसताना प्रिंटर आपोआप सुरू झाला असेल, त्याची कल्पना करा.

छापलं ते असं: ‘नमस्कार. घाबरू नका. मी मशीनं सांभाळणारा माणूस. मोठं मशीन अडलंय, मदत हवी. उत्तर पॅकिंगच्या शेऱ्यात लिहा, मला दिसेल.’

कारण पॅकिंगचा माणूस प्रत्येक खोक्याची नोंद निवटीवर करतो: माल, नग आणि शेवटी शेरा. एरवी शेऱ्यात ‘खोका ओला’, ‘पट्टी सुटली’ असलं काहीतरी असतं. त्या नोंदींच्या फाइलचं शेपूट मी पडद्यावर धरून बसलो. तिकडे नवी ओळ पडली की इकडे दिसणार.

एक मिनिट गेलं. ओळ पडली.

माल: रबरी चप्पल. नग: चोवीस. शेरा: कोण तुम्ही? नाव सांगा.

मी छापलं: ‘जगदीश, कामतघर. आपण?’

माल: प्लास्टिक बादली. नग: बारा. शेरा: विशाखा, डिस्पॅच.

खुर्ची प्लास्टिकची होती म्हणून वाकली, लाकडाची असती तर मोडली असती.

“कय झालं?” शेठ.

“बोलणं चालू आहे.”

“कुनाशी?”

“तिकडच्या... यंत्रणेशी.”

मी घाईघाईने छापलं: ‘मोठं मशीन म्हणजे टेबलाखालची काळी पेटी. तिचं बटण एकदा दाबा. दिवा विझू द्या. मग पुन्हा दाबा.’ पेटी नीट बंद होऊन पुन्हा सुरू झाली की नेट आपोआप येतं. तापलेल्या माणसाला झोपवून उठवावं, तसं.

माल: टिफिनचे डबे. नग: सहा. शेरा: दाबते. पण आधी सांगा, झालं काय?

‘नेटचा बिघाड.’

माल: टिफिनचे डबे. नग: सहा. शेरा: माझ्या मशीनचं नेट चालू आहे. मग त्याचंच कसं गेलं?

बाई एकीकडे खोकी भरत होती, एकीकडे माझी उलटतपासणी घेत होती, आणि नगात एक चूक नव्हती. गणपतचा पुन्हा फोन आला. शेठ उठून उभे राहिले. त्यांच्या सावलीत मी आणि लॅपटॉप दोघेही मावलो.

‘माझी चूक. माझं नेट बंद करायला गेलो, त्याचं झालं.’

माल: पाण्याच्या बाटल्या. नग: अठरा. शेरा: कामाच्या वेळी तुमचं नेट बंद का करत होतात?

इथे मी दहा सेकंद विचार केला. दहा सेकंदांत मी साधारण चाळीस थापा तयार करू शकतो. त्या दिवशी एकही सुचली नाही.

‘तुमच्या वडिलांना करामत दाखवत होतो. तुमच्या पडवीत बसलोय.’

पडद्यावर काहीच आलं नाही. मला माहीत आहे ती गप्प रेघ काय काय असू शकते. मी कितीतरी मशीनं गमावली आहेत, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

माल: पाण्याच्या बाटल्या. नग: अठरा. शेरा: ते बनियनवाले तुम्हीच का?

‘हो. आज शर्ट घातलाय.’

माल: झाडू. नग: पन्नास. शेरा: बटण दाबते. पण चूक कुणाची ते बाबांना तुम्ही स्वतः सांगायचं. कबूल?

झाडूच्या खोक्यात ही अट! मी शेठकडे पाहिलं. ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते, मुठी कमरेवर. या माणसाला सांगायचं की तुमच्या सहा गाड्या मी चहा पिता पिता अडवल्या? नाही म्हटलं तर गाड्या अडलेल्याच. हो म्हटलं तर सोयरीक संपली. आईने नीट केलेली कॉलर मी सैल केली.

‘कबूल,’ मी छापलं.

चार मिनिटं गेली. मी जिताडाला हाक मारत राहिलो. उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. मग एकदम पडद्यावर ते नाव उमटलं, ओळीच्या सुरुवातीला, पांढरंशुभ्र. त्याच मिनिटाला शेठचा फोन.

“निगाला! शेठ, पास निगाला! पयली गाडी भायर!”

शेठ वळले. त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा चहात पडला. “वाघ हायेस तू! अगं भायर ये! यानं इथं बसून गोदाम चालू केलं! सगळी मानसं तिकरं हात लावून बसली व्हती, आनि यानं इथून, नुसता टकटक करून!” काकी हसत बाहेर आल्या. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी आल्या. शेठ त्यांनाही सांगू लागले. सांगता सांगता गाड्या सहाच्या साठ झाल्या. मी कौतुकाने बघत होतो. थापा मारायचं अंग माझ्यापेक्षाही चांगलं होतं त्या माणसाचं.

गप्प बसलो असतो तर संपलं होतं. स्थळ पक्कं. तिने घरी येऊन सांगितलं असतं, तर म्हटलं असतं, मशीनचं काय ते तुम्हाला कळणार नाही. एवढी सोपी थाप मी पेंगुळलेला असतानाही मारतो.

चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तोच पडद्यावर ओळ पडली. माल: झाडू. नग: पन्नास. शेरा: सांगितलं का?

मी उभा राहिलो. आयुष्यात इतकं छोटं वाक्य बोलायची मला सवय नव्हती.

“शेठ, बंद मीच केलं होतं.”

शेठ कुंपणाकडून माझ्याकडे वळले.

“तुम्हाला दाखवायच्या नादात चुकीच्या ठिकाणी कमांड दिली. आणि चालू मी नाही केलं. तुमच्या मुलीनं केलं. मी नुसती विनंती केली.”

शेजारच्या बायांनी कुंपण घट्ट धरलं. रस्त्यावरून पहिला ट्रक हॉर्न मारत गेला. कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही.

“कुनी बगितलं व्हतं तुला बंद करताना?” शेठनी हळू विचारलं.

“नाही.”

“मंग सांगितलंस कशाला?”

“तिनं अट घातली. सांगाल तरच बटण दाबते म्हणाली.”

“म्हंजे सोताहून न्हाय सांगितलंस.”

“नाही.”

 शेठच्या पोटातून कुठूनतरी एक आवाज सुरू झाला. आधी मला वाटलं, आता बसली थोबाडीत. पण तो माणूस हसत होता. झोपाळ्यावर बसला आणि हसला. कड्या कुरकुरल्या, कोंबड्या पळाल्या, काकींनी खांबाला धरलं.

“रेती काढायचो ना खाडीत,” ते डोळे पुसत म्हणाले, “तवा सासऱ्याला दाखवाया गेलो, होडी कशी झपकन सुटते बग. मी धक्क्यावर हुबा आनि होडी सासऱ्याला घेऊन निगाली. त्यांना पवता येत न्हवतं. इचार हिला!”

“बाबा बारा तास बोलले न्हाय कुनाशी,” काकी म्हणाल्या.

शेठ पुढे झुकले. “बग पोरा, माज्याकडं ड्रायव्हर गाडी घासून येतो. जो सोता सांगतो, त्याला ठेवतो. तू अर्धा सोता सांगितलास, अर्धा तिनं सांगाय लावला. अर्ध्याचं कय करायचं, ते मना कळत न्हाय. ती ठरवंल. तीन वाजता येईल, तवा बगू.”

तीन वाजायला वीस मिनिटं होती. मी खुर्चीत बसून राहिलो. जावं की थांबावं, कुणी सांगेना. हाताला चाळा म्हणून लॅपटॉप बंद करायला गेलो, तर निवटीचं शेपूट अजून उघडं होतं, आणि ड्युटी संपायच्या आधीची एक शेवटची ओळ त्यावर पडली. ती मी दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा.

“आता कय झालं?” शेठ.

“काही नाही. गोदामाचं काम.”

“परत सुरू केलंस?”

 लॅपटॉप मी त्यांच्याकडे फिरवला. त्यांना ती इंग्रजी अक्षरं लागेनात, म्हणून काकींनी पुढे येऊन, बोट ठेवून, कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

“माल, नवरा मुलगा. नग, एक. शेरा, किरकोळ खराबी आहे. उतरवून घेतला.”

 शेठनी माझ्या पुढ्यातला थंड झालेला, चष्मा पडलेला चहा उचलून अंगणात ओतला आणि काकींच्या हातात रिकामा कप दिला.

“चा पुरे आता,” ते म्हणाले. “पान वाढ. पोरगा जेवून जाईल.”